मेंदूच्या चुंबकीय नोंदींतला नॉइज किती काढावा आणि काढला ते कसे तपासावे?

विजापूर वेस (धागाकर्ता)

नमस्कार. मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. यंदा शेवटच्या वर्षाच्या एका गटाने मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, म्हणजे एमईजी (मेंदूच्या सूक्ष्म चुंबकीय क्षेत्राची डोक्याबाहेरून घेतलेली नोंद), हा विषय प्रकल्पासाठी घेतला आहे. यंत्र अर्थातच आमच्याकडे नाही. एमएनई-पायथॉन या मुक्त सॉफ्टवेअरसोबत जो नमुना डेटा मिळतो, त्यावर काम चालू आहे. त्यात एका व्यक्तीला कधी डाव्या तर कधी उजव्या कानात स्वर ऐकवले आहेत, मधूनमधून पडद्यावर चौकटींची आकृती दाखवली आहे, आणि डोक्याभोवतीच्या 306 चॅनेलांवर नोंद घेतली आहे.

अडचण अशी आहे की नॉइज कमी करण्याच्या पद्धती भरपूर आहेत आणि प्रत्येक पद्धत वापरली की आलेख आधीपेक्षा देखणा दिसतो. एकाच नोंदीवर दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या क्रमाने प्रक्रिया केली, तेव्हा स्वरानंतर साधारण 100 मिलिसेकंदांनी येणाऱ्या प्रतिसादाची उंची दोघांची वेगळी आली. दोघांचेही आलेख स्वच्छ होते. मग बरोबर कोणाचे, हे ठरवायचे कशावर? कोणता क्रम योग्य आणि कुठे थांबायचे, हे जाणकारांनी सांगावे. दुसरा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा आहे: असे यंत्र उद्या सोलापुरात बसवायचे म्हटले, तर आपल्या शहरातला चुंबकीय गोंधळ कितपत आड येईल?

बाळीवेस

माझे माहेर सोलापूरचे. काही वर्षे बंगळूरमधील एका प्रयोगशाळेत एमईजीच्या नोंदी घेण्याचे काम केले आहे. सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, त्यामुळे आधी प्रमाण समोर ठेवते.

मेंदूच्या बाह्यकातील पिरॅमिडल पेशींचे काही दहा हजार तंतू एकाच वेळी, एकाच दिशेने सक्रिय झाले, तरच कवटीबाहेर मोजता येण्याजोगे चुंबकीय क्षेत्र तयार होते. कानात स्वर वाजल्यानंतरचा प्रतिसाद साधारण 100 फेम्टोटेस्ला असतो (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक; मायक्रो म्हणजे त्याचा दशलक्षांश, नॅनो त्याच्या हजारावा आणि फेम्टो म्हणजे नॅनोचाही दशलक्षांश). आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे त्या प्रतिसादाच्या चाळीस कोटी पट. मात्र पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असल्यामुळे त्याचा थेट त्रास नसतो. त्रास असतो तो बदलणाऱ्या क्षेत्राचा. इमारत किंचित हलली आणि तिच्यासोबत संवेदक स्थिर क्षेत्रात हलला, तरी त्याच्या दृष्टीने ते बदलते क्षेत्रच असते, हे मात्र नवशिक्यांच्या लक्षात लवकर येत नाही.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला, तर तो नॉइजशी झगडण्याचाच इतिहास आहे. 1963 मध्ये बौले आणि मॅक्फी यांनी हृदयाचे चुंबकीय क्षेत्र पहिल्यांदा मोजले, ते प्रत्येकी सुमारे वीस लाख वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या उलट जोडून, म्हणजे दूरवरून येणारे सारखे क्षेत्र परस्पर वजा व्हावे अशी रचना करून. 1968 मध्ये डेव्हिड कोहेन यांनी मेंदूची अल्फा लय मोजली, तीही साध्या गुंडाळीने. ईईजीचा, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या विद्युत नोंदीचा, आधार घेऊन असंख्य लहरींची सरासरी काढली, तेव्हा कुठे ती दिसली. 1972 मध्ये द्रव हेलियममध्ये, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसला, चालणारा स्क्विड हा अतिसंवाहक संवेदक आणि चुंबकीय कवचाची खोली त्यांच्या हाती होती, आणि मग तीच लय सरासरीशिवाय उमटली. आज ज्यांना आपण नॉइज काढण्याच्या पद्धती म्हणतो, त्यांपैकी वजाबाकी, सरासरी आणि कवच या तिन्ही त्या दहा वर्षांत येऊन गेल्या होत्या. सॉफ्टवेअर हा त्यानंतरचा थर आहे, आणि तो शेवटचाच असावा असे माझे ठाम मत आहे.

होटगीकर

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मेंदूतले मला काही कळत नाही, पण सोलापुरातल्या तारांचे मी सांगू शकतो, आणि दुसऱ्या प्रश्नाचा हिशोब पोस्टकार्डावर बसेल इतका सोपा आहे.

लांब सरळ तारेतून 10 अँपिअर प्रवाह जात असेल, तर 1 मीटरवर क्षेत्र 2 मायक्रोटेस्ला भरते. आता रेल्वे घ्या. वरच्या तारेतून 300 अँपिअर जात आहेत असे समजू आणि आपली खोली रुळांपासून 300 मीटरवर आहे असे धरू. एकट्या तारेचे क्षेत्र 200 नॅनोटेस्ला येते. प्रत्यक्षात प्रवाह रुळांतून परत येतो. तार आणि रूळ यांच्यात साधारण साडेपाच मीटरचे अंतर धरले, तर दोन्ही क्षेत्रे बरीचशी एकमेकांना मारतात आणि सुमारे 3.7 नॅनोटेस्ला उरते. हा झाला आदर्श हिशोब. परतीच्या प्रवाहाचा काही भाग जमिनीतून भलतीकडून जातो, म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. पण आदर्श आकडाच धरला, तरी तो बाळीवेस ताईंच्या 100 फेम्टोटेस्लाच्या सदतीस हजार पट होतो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलांचे कारखाने आहेत. तिथल्या मोटारी, ट्रान्सफॉर्मर आणि वेगनियंत्रक यांमुळे 50 हर्ट्झसोबत 150 आणि 250 हर्ट्झच्या हार्मोनिक्सही (मूळ वारंवारतेच्या पटी) भरपूर मिळतील. तरीही मला विचाराल तर मी विजेपेक्षा रस्त्याला जास्त घाबरेन. एखाद्या गाडीच्या लोखंडाचा चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून त्याची ताकद, 200 अँपिअर-चौरस मीटर धरला, तर 20 मीटरवर क्षेत्र 5 नॅनोटेस्ला येते आणि 40 मीटरवर त्याच्या आठव्या हिश्श्याइतके. गाडी काही सेकंदांत जाते, त्यामुळे हा बदल 1 हर्ट्झच्याही खालचा असतो.

आणि नेमके तिथेच कवच दुबळे पडते. खोलीच्या भिंतीत म्यू-मेटल आणि अ‍ॅल्युमिनियम असे दोन धातू असतात. म्यू-मेटल ही निकेल-लोखंडाची मिश्रधातू क्षेत्राला स्वतःतून वाट करून देते. अ‍ॅल्युमिनियममध्ये बदलत्या क्षेत्रामुळे भोवरा-प्रवाह तयार होतात आणि ते क्षेत्राला विरोध करतात. पण अ‍ॅल्युमिनियमची त्वचा-खोली, म्हणजे जितके आत शिरल्यावर क्षेत्र साधारण एक तृतीयांश उरते ती खोली, 50 हर्ट्झला 12 मिलिमीटर आणि 1 हर्ट्झला 8 सेंटिमीटरहून थोडी जास्त आहे. म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा पत्रा विजेच्या नॉइजला बऱ्यापैकी अडवेल, मात्र सात रस्ता चौकात वळणाऱ्या बसला तो असून नसल्यासारखा. तिथे सगळी मदार म्यू-मेटलवर, आणि ते महाग. बर्लिनच्या पीटीबी या मापनसंस्थेतील खोलीत त्याचे सात थर आहेत, यावरून कल्पना करावी.

बाळीवेस

होटगीकर काकांनी गाडीचा जो हिशोब दिला आहे, तोच पुढे नेते, कारण ग्रेडिओमीटरचे, म्हणजे दोन जागांच्या क्षेत्रांतला फरक मोजणाऱ्या संवेदकाचे, मर्म त्यात आहे.

एकाच अक्षावर 5 सेंटिमीटर अंतराने दोन वेटोळी उलट जोडली आहेत असे समजा. गाडी 20 मीटरवर आहे आणि तिचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून दोन वेटोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रांत फरक पडतो तो तीन गुणिले 0.05 भागिले 20, म्हणजे पाऊण टक्का. बाकी सगळे वजा होते. याउलट मेंदूतला स्रोत जवळच्या वेटोळ्यापासून 4 सेंटिमीटरवर असेल, तर दूरचे वेटोळे त्याच्यापासून 9 सेंटिमीटरवर असते. क्षेत्र साधारण अंतराच्या वर्गाने घटते असे मानले, तर दूरच्या वेटोळ्यात ते एक पंचमांशच उरते आणि वजाबाकीनंतरही ऐंशी टक्के संकेत हाती राहतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दूरच्या पाळण्याचा भोंगा शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही सारखाच ऐकू येतो, पण एकाच्या कानात कोणी कुजबुजले तर ते त्यालाच कळते. तसाच हा प्रकार आहे.

याची किंमतही आहे. खोलवरच्या स्रोताचे क्षेत्र कवटीबाहेर येईपर्यंत पसरट होते, आणि पसरट क्षेत्र ग्रेडिओमीटरला गाडीसारखेच दिसते. म्हणून सरांच्या डेटातील 306 चॅनेलांमध्ये 204 प्रतलीय ग्रेडिओमीटर (यांत दोन वेटोळी एकामागे एक नसून एकाच प्रतलात शेजारी असतात) आणि 102 साधे, एकाच वेटोळ्याचे मॅग्नेटोमीटर अशी विभागणी आहे. मॅग्नेटोमीटर खोलवरचे पाहतात आणि त्यासोबत बस, लिफ्ट, दरवाजा असे सगळेच पाहतात.

शून्य लब्धी

मी गणिताचा शिक्षक आहे. सिग्नल स्पेस सेपरेशन नावाची पद्धत केवळ गणिताने आतले आणि बाहेरचे वेगळे करते, असे वाचले. मोजमाप तर एकाच जागी होते. मग क्षेत्र कुठून आले, हे त्याला कसे कळणार? सांख्यिकीचा काही चमत्कार आहे का?

बाळीवेस

सांख्यिकी अजिबात नाही, सर. हे मॅक्सवेलचे समीकरण आहे. संवेदक ज्या पोकळीत आहेत तिथे कोणताही प्रवाह नाही, म्हणून तिथले क्षेत्र एका विभवाच्या उताराच्या रूपात लिहिता येते आणि ते विभव लाप्लासचे समीकरण पाळते. त्याची उत्तरे गोलीय हार्मोनिक्समध्ये मांडली की दोन कुळे पडतात. एका कुळातील फलने केंद्राशी अनंताकडे जातात. ती केंद्राजवळच्या, म्हणजे डोक्यातल्या, स्रोतांचीच असू शकतात. दुसऱ्या कुळातील फलने केंद्रापासून दूर जाताना वाढतात. ती बाहेरच्या स्रोतांची. नेहमीच्या मांडणीत आतल्या कुळासाठी आठव्या क्रमापर्यंत 80 पदे आणि बाहेरच्यासाठी तिसऱ्या क्रमापर्यंत 15 पदे घेतात. अज्ञात 95 आणि मोजमापे 306, त्यामुळे उकल निघते. मग बाहेरची 15 पदे टाकून द्यायची. फिनलंडमधील तौलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2004-05 च्या सुमारास मांडले.

आता यातली मेख. हे सगळे गणित संवेदकांची जागा, दिशा आणि कॅलिब्रेशन अचूक माहीत आहे या गृहीतकावर उभे आहे. एखादा चॅनेल बिघडलेला असेल आणि तो आधी बाजूला काढला नाही, तर त्याची बडबड 80 पदांच्या वाटेने सगळ्या चॅनेलांत पसरते आणि नंतर ती काढण्याचा उपाय राहत नाही. तुमच्या नमुना डेटात एमईजी 2443 हा चॅनेल खराब म्हणून आधीच नोंदवलेला आहे. विद्यार्थ्यांना एकदा तो खराब यादीतून मुद्दाम वगळून ही प्रक्रिया चालवायला सांगा आणि शेजारचे चॅनेल पाहायला सांगा. व्याख्यानापेक्षा जास्त समजेल.

दुसरे असे की या प्रक्रियेनंतर 306 चॅनेल दिसत असले, तरी त्यांत स्वतंत्र माहिती जास्तीत जास्त 80 मितींचीच असते. पुढे नॉइजचे सहप्रसरण काढताना किंवा आयसीए (मिसळलेले संकेत स्वतंत्र घटकांत वेगळे करणारी पद्धत) चालवताना हे ध्यानात ठेवले नाही, तर उलट्या मॅट्रिक्समध्ये वाटेल ते आकडे येतात आणि प्रोग्राम मात्र तक्रार न करता चालतो.

डॉक्टर, उत्तर कसबा

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी एमईजी लागते. देशात दिल्लीचे एम्स आणि बंगळूरचे निम्हान्स येथे ही सोय आहे. इथे सगळे प्रतिसादांच्या सरासरीविषयी बोलत आहेत, म्हणून रुग्णाच्या बाजूचे दोन मुद्दे जोडते.

अपस्माराचा स्पाइक, म्हणजे नोंदीतली क्षणिक टोकदार उसळी, कधी येईल, हे आपल्या हातात नसते आणि प्रत्येक स्पाइक थोडा निराळा असतो. त्यामुळे शंभर वेळा स्वर ऐकवून नॉइज दहापट कमी करण्याची चैन इथे नाही. एकेका स्पाइकवर भिस्त असते. शिवाय रुग्ण स्वतःच नॉइजचा स्रोत असतो. छातीजवळ हृदयाचे क्षेत्र मेंदूच्या संकेताच्या शेकडो पट असते. दातांतला धातू, तारा, पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या क्लिपा, व्हेगस मज्जातंतूला उत्तेजना देणारे बसवलेले यंत्र, यांतले काही असले तर श्वासागणिक नोंद डोलू शकते. रुग्णांना मी आधीच सांगते की केसांना मेंदी, डोळ्यांना काजळ किंवा मस्करा लावून जाऊ नका आणि हुकांचे कपडे घालू नका. मस्कऱ्यात लोहकण असू शकतात आणि पापणी लवली की ते कण हलतात. कोणत्याही गणितापेक्षा चेहरा धुणे स्वस्त पडते. मेंदीच्या नावाखाली मिळणाऱ्या पुड्यांत काय काय असते, हा तर वेगळाच विषय.

बाळीवेस

डॉक्टरताईंच्या मुद्द्याला पूरक: असे स्रोत डोक्याला किंवा संवेदकांना इतके लागून असतात की आतले-बाहेरचे ही विभागणी त्यांना नीट लागू पडत नाही, त्यांचा काही अंश दोन्हीकडे सांडतो. 2006 मध्ये तौलू आणि सिमोला यांनी याच सांडण्याचा उपयोग करून घेतला. आतल्या भागात आणि उरलेल्या भागात एकाच वेळी, जवळजवळ तंतोतंत सारखी चढउतार करणारी जी लहर असेल, ती मेंदूची असू शकत नाही, असे मानून ती काढून टाकतात. सहसा 10 सेकंदांचे तुकडे घेतात आणि सहसंबंधाची मर्यादा 0.98 ठेवतात. ही मर्यादा खाली आणली की आलेख आणखी गुळगुळीत होतो आणि मेंदूचा संकेतही जाऊ लागतो. तुकडा 10 सेकंदांचा असल्यामुळे 0.1 हर्ट्झच्या खालचे फारसे शिल्लक राहत नाही, हेही लिहून ठेवावे.

विजापूर वेस

सर्वांचे आभार. आज विद्यार्थ्यांसोबत बसून कच्च्या नोंदीचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे याचा आलेख, काढला. ठळक शिखरे 60, 120 आणि 180 हर्ट्झला होती, कारण ही नोंद अमेरिकेत घेतलेली आहे. एका विद्यार्थ्याने आंतरजालावरील कोणाचा तरी प्रोग्राम जसाच्या तसा आणला होता आणि त्यात 50 हर्ट्झचा नॉच, म्हणजे तेवढीच वारंवारता काढणारा फिल्टर, होता. म्हणजे तो फिल्टर तिथे नसलेली वीज इमानेइतबारे काढत होता. वर्णपट न पाहता फिल्टर लावू नये, हे त्यामुळे आपोआप कळले.

फाईलमध्ये मॅग्नेटोमीटरांसाठी तीन प्रक्षेपण-सदिशही आधीपासून जोडलेले दिसतात, आणि रिकाम्या खोलीची एक वेगळी नोंद आहे. त्यांचा परस्परसंबंध काय? आणि मूळ प्रश्न उरतोच: दोन स्वच्छ आलेखांपैकी खरा कोणता?

बाळीवेस

ते तीन सदिश म्हणजे बाहेरच्या नॉइजचे 102 मॅग्नेटोमीटरांवरचे तीन प्रमुख आकृतिबंध. 1997 मध्ये उसितालो आणि इल्मोनिएमी यांनी सविस्तर मांडलेली ही पद्धत रिकाम्या खोलीच्या नोंदीवर उभी असते: डोके नसताना संवेदकांवर जे आकृतिबंध उमटतात, त्या दिशांनाच डेटातून वजा करायचे. मेंदूचा एखादा आकृतिबंध त्या दिशांशी अंशतः समांतर असेल, तर त्याचा तेवढा अंश जातो. म्हणून पुढे स्रोताची जागा शोधताना गणिती प्रतिमानालाही तेच प्रक्षेपण लावावे लागते. ते लावले, तर संकेत आकाराने बदललेला असूनही जागा बरोबर मिळते.

आता मूळ प्रश्न. आलेखाच्या देखणेपणावरून खरेखोटे ठरवता येत नाही, कारण शून्याने गुणलेला आलेख सगळ्यात स्वच्छ असतो. माझी सूचना अशी आहे. रिकाम्या खोलीची नोंद घ्या. तिच्यात मेंदू नाही याची खात्री आहे. श्रवणबाह्यकात एक कृत्रिम द्विध्रुव (मेंदूतल्या छोट्या प्रवाहाचे गणिती प्रतिरूप) ठेवा, त्याची ताकद समजा 10 नॅनोअँपिअर-मीटर, आणि त्याचे क्षेत्र प्रतिमानाने काढून ठरावीक क्षणांना त्या नोंदीत मिसळा. मग दोन्ही विद्यार्थ्यांची संपूर्ण प्रक्रिया, एकही पायरी न गाळता, त्यावरून चालवा. बाहेर आलेल्या द्विध्रुवाची ताकद, जागा आणि वेळ मूळ आकड्यांशी ताडून पाहा. कोणाच्या प्रक्रियेने किती नॉइज काढला आणि त्यासोबत किती संकेत खाल्ला, हे दोन आकडे समोर येतील. त्यानंतर द्विध्रुव न मिसळता तीच प्रक्रिया चालवा. तेव्हाही 100 मिलिसेकंदांवर शिखर दिसले, तर ते प्रक्रियेनेच निर्माण केले आहे. या चाचणीत नापास होणारे प्रकाशित आलेखही असतील, असा माझा संशय आहे, पण तो विषय इथे नको.

क्रमाविषयी: आधी डोळ्यांनी नोंद पाहून खराब चॅनेल वेगळे करावेत, मग आतले-बाहेरचे वेगळे करण्याची पद्धत किंवा प्रक्षेपण, यांतले एक, मग डोळे आणि हृदय यांच्यासाठी आयसीए, सरासरी सगळ्यात शेवटी. आयसीए शिकवण्यासाठी 1 हर्ट्झच्या वर गाळलेली प्रत वापरावी, मात्र तिथून मिळालेले घटक मूळ, 0.1 हर्ट्झपासूनच्या नोंदीतून वजा करावेत. पापणीच्या बाबतीत विशेष जपावे. सत्तरेक आवृत्त्यांची सरासरी घेतली, तर यादृच्छिक नॉइज आठपटीहून थोडा अधिक घटतो. पण माणूस आवाज ऐकून त्याच तालावर पापणी लववत असेल, तर सरासरीने ती लहर घटत नाही, उलट उठून दिसते.

अंतिम वर्ष

मी सरांच्या गटातला विद्यार्थी आहे. हेलियमशिवाय चालणारे, डोक्यावर शिरस्त्राणासारखे घालायचे संवेदक निघाले आहेत ना? मग सोलापुरात कवचाच्या खोलीशिवाय काम होऊ शकेल का?

बाळीवेस

ऑप्टिकली पंप्ड मॅग्नेटोमीटर म्हणतात त्यांना; 2018 मध्ये नॉटिंगहॅम आणि लंडन येथील गटाने असे डोक्यावर घालायचे यंत्र दाखवले. काचेच्या छोट्या कुपीतील रुबिडियमची वाफ लेझरने एका दिशेला वळवतात आणि क्षेत्रामुळे आरपार जाणारा प्रकाश किती बदलतो ते मोजतात. कुपी तापलेली असली, तरी संवेदक टाळूला जवळजवळ टेकवता येतो, त्यामुळे संकेत मोठा मिळतो.

पण खोली मात्र सुटत नाही. हे संवेदक जवळजवळ शून्य क्षेत्रातच नीट चालतात, म्हणून कवचाच्या आतही उरलेले क्षेत्र गुंडाळ्यांनी मारावे लागते. शिवाय डोके हलवण्याची मुभा मिळाली, की उरल्यासुरल्या क्षेत्रात संवेदक फिरतो आणि ती हालचाल संकेत म्हणून नोंदली जाते. त्यावर एक सोपा उपाय चांगला चालतो: डोक्याएवढ्या जागेत बाहेरचे क्षेत्र सगळीकडे सारखे आहे असे मानून त्याचे तीन घटक प्रत्येक क्षणी काढायचे आणि वजा करायचे. हेलियमचा खर्च वाचेल. होटगीकर काकांची बस मात्र तिथेच राहील.

होटगीकर

बस राहीलच. विद्यार्थ्यांनी पुढे भारतातला डेटा घेतला, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपली वारंवारता 50 वर खिळलेली नसते. ग्रिड संहितेतील पट्टा 49.90 ते 50.05 हर्ट्झ आहे, आणि भार चढला-उतरला की ती त्यात, कधी त्याबाहेरही, सरकत राहते. तिसऱ्या हार्मोनिकवर हे सरकणे तिप्पट होते. तेव्हा अगदी अरुंद नॉच लावून निश्चिंत होऊ नये.

अंतिम वर्ष

काका, आम्ही लगेच आकडे मांडून पाहिले. 10 सेकंदांच्या तुकड्यात वर्णपटाची पायरी 0.1 हर्ट्झची असते, म्हणजे 50 च्या आसपास शिखर फार तर दोन पायऱ्यांत पसरेल, पण 150 ला हाच पट्टा 0.45 हर्ट्झचा होतो आणि पाच पायऱ्यांपर्यंत जातो. त्यामुळे नॉचची रुंदी प्रत्येक हार्मोनिकला वेगळी ठेवणार आहोत आणि ताईंची द्विध्रुवाची चाचणी आधी नॉचवर, मग बाकीच्या पायऱ्यांवर, एकेक करून चालवणार आहोत. आकडे आले की याच धाग्यावर देऊ.